रविवारच्या गोडाची लिंक

“तुमचं खातं थांबवलंय,” असं मी सांगितलं तेव्हा शैलाकाकू गुलाबजामसाठी खवा मळत होत्या. शनिवारची दुपार होती. मेल इंग्रजीत होती आणि खाली सही कुणा माणसाची नव्हती, ‘टीम’ची होती. अशा मेलला उत्तर देऊन कुणाचं भलं झाल्याचं माझ्या धंद्यात अजून ऐकिवात नाही.

“थांबवलंय म्हंजी?”

“म्हणजे कमिशन बंद. आत्तापर्यंत जमलेलंही देणार नाहीत.”

“कशापायी?”

“तुम्ही पोरांना गुलाबजाम खाऊ घालता म्हणून.”

काकूंचा हात थांबला. गुलाबजाम बंद करायला मीच आलोय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा गैरसमज काढायला अर्धा तास गेला. तुम्हालाही सगळं नीट कळायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मी लातुरात वेबसाइट बनवतो. मूळचा नांदेडचा, पण बायकोची नोकरी इथली, म्हणून इथं आलो आणि राहिलो. माझे बहुतेक क्लायंट कोचिंग क्लासवाले. वेबसाइटवर काय हवं याबद्दल त्यांची मतं पक्की असतात. वर सरांचा फोटो, मध्ये टॉपर पोरांचे फोटो, खाली पुन्हा सरांचा फोटो. एका सरांनी ‘संपर्क’च्या पानावरही स्वतःचा गॉगल घातलेला फोटो टाकायला लावला होता. धंदा आहे, मी टाकला.

शैलाकाकू या सगळ्यात वेगळ्या. क्लासेसच्या मागच्या गल्लीत त्यांची मेस. जेवायला येणारी सगळी बाहेरगावची मुलंमुली, डॉक्टर व्हायला लातूरला आलेली. काकू मूळच्या औशाच्या. भूकंपाच्या साली त्यांचं नवीन लग्न झालेलं. किल्लारीकडे पत्र्याच्या शेडमध्ये जेवण चालायचं, तिथं त्यांनी महिनाभर भाकरी थापल्या. तिथंच त्यांना एक सवय लागली. ताट वाढताना नाव विचारायचं आणि वहीत लिहायचं. संध्याकाळी वही बघितली की कोण जेवायला आलं नाही ते कळायचं, मग कुणीतरी त्या माणसाला शोधायला जायचं. पुढे काकूंनी लातुरात मेस काढली आणि ती वही तशीच चालू राहिली.

मग क्लासेसची भरभराट झाली. मोठमोठी होस्टेलं उठली, त्यांच्याच तळमजल्यावर स्टीलच्या टेबलांची मेस आली, आणि काकूंकडची ताटं निम्म्यावर आली. तेव्हा मी त्यांना वेबसाइट सुचवली. मी तिथं दुपारी जेवायचो, म्हणून जीव तुटत होता, असं म्हणा हवं तर.

“माझा फोटू नको,” काकू म्हणाल्या. “वही टाक.”

मी टाकली. रोज संध्याकाळी जेवणं उरकली की काकू मोबाइलवरून वही भरायच्या आणि ती वेबसाइटवर दिसायची. नुसतं पहिलं नाव आणि गाव. पण काकूंचा हात नुसतं ‘हजर’ लिहिण्यावर थांबणारा नव्हता. “उदगीरची साक्षी – जेवली. वांगं ताटाखाली लपवलं.” “देगलूरचा नितीन – दोनदा भात. परीक्षा चांगली गेली वाटतं.” “अहमदपूरची पूजा – आली न्हाई. मैत्रिणीच्या हाती डबा धाडला.”

पोरांना हे पान म्हणजे डोक्याला ताप. पालकांना मात्र त्याचं व्यसन लागलं. बहुतेक होस्टेलांत मोबाइल काढून घेतात, आठवड्यातून एकदा बोलायला देतात. त्यामुळे लेकराची रोजची खबर म्हणजे हे एवढंच पान. नांदेडकडच्या एका वडिलांनी मला सांगितलं की त्यांच्याकडे बातम्यांच्या आधी काकूंचं पान बघतात. पालक एकमेकांना सांगत गेले आणि वर्षभरात काकूंची ताटं पुन्हा भरली.

आता वेबसाइट म्हटलं की दोन भाडी आली. डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, होस्टिंग म्हणजे ती जिथं ठेवलेली असते ती जागा. दोन्हीचे पैसे दरवर्षी भरायचे, नाही भरले तर वेबसाइट बंद. पहिली दोन वर्षं मी गुपचूप भरले. तिसऱ्या वर्षी काकूंना ते कळलं आणि त्यांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. ताटाचा दर वाढवायचा नाही, पोरांच्या जेवणातले पैसे कॉम्प्युटरला घालायचे नाहीत, आणि माझ्याकडूनही घ्यायचे नाहीत, असे त्यांचे तीन नियम. जे जनावर आपला चारा आपण आणत नाही ते दावणीला कशाला, असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा मी ॲफिलिएट लिंकची शक्कल काढली. तिचं नाव भारी आहे, गोष्ट साधी आहे. आपल्याकडे ओळखीच्या दुकानाला चिठ्ठी देतात ना, ‘पाहुणे आपले आहेत, बघून घ्या’, तशी ही ऑनलाइन चिठ्ठी. तुमच्या वेबसाइटवर टेबल लॅम्पची लिंक द्यायची. लिंकच्या शेपटाला तुमचा नंबर असतो. कुणी ती दाबून मोठ्या ऑनलाइन दुकानात गेला आणि लॅम्प किंवा तिथलं दुसरं काहीही घेतलं, तर त्या दुकानाला कळतं की गिऱ्हाइक कुणी पाठवलं. मग ते तुम्हाला शेकडा थोडंफार कमिशन देतं. घेणाऱ्याला वस्तू एक पैसाही महाग पडत नाही.

मला वाटलं, काकू खूश होतील. काकूंचा चेहरा उतरला.

“चिठ्ठीचे पैसे घेत असतेत का कुणी?”

त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे चिठ्ठी दिली की दुकानदार गिऱ्हाइकाला दोन पैसे कमी करतो. चिठ्ठी देणाऱ्याला फार तर चहा. पैसे घेतो तो दलाल, आणि आईबापांनी विश्वासानं पाठवलेल्या लेकरांची दलाली करायला काकू तयार नव्हत्या. मी दोन दिवस समजावलं. पैसे तुम्हाला नाही, वेबसाइटला मिळणार, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी त्या तयार झाल्या, पण आपण स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय एकही वस्तू सांगणार नाही, अशी अट घातली. मी मान डोलावली आणि लिहायला सोपं पडावं म्हणून त्यांना वेबसाइटचा पासवर्ड दिला. माझ्या धंद्यात क्लायंटला पासवर्ड देणं म्हणजे पायावर धोंडा मारून घेणं. हे मी नवशिक्यांना नेहमी सांगतो. स्वतः मात्र विसरलो.

दुसऱ्या दिवशी पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. “टेबल लॅम्प – उजेड चांगला. टोपण तापतं, हात लावून पाहिला, भाजला. दोन वर्षं टिकला तर नशीब समजा.” “गजराचं घड्याळ – घ्या. सकाळी उठवायला माझ्याकडं माणूस न्हाई.” “उशी – घेऊ नका. घरून आणा.” आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: “खालच्या लिंकवरून काही घेतलं तर कंपनी मला कमिशन देते. नको वाटलं तर दुकानातून घ्या.”

विकायला बसलेला माणूस ‘घेऊ नका’ म्हणतो हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण पालकांनी पटापट लिंका दाबायला सुरुवात केली. ज्या बाईनं उशी घेऊ नका म्हटलं, तिनं घड्याळ घ्या म्हटलं म्हणजे घ्यायलाच हवं, असा त्यांचा हिशोब. महिन्याभरात कमिशन दिसायला लागलं. हातात पडायला वेळ असतो, आधी ते खात्यात नुसतं दिसतं. मी निवांत झालो आणि दुसऱ्या कामाला लागलो. तिथंच चुकलं.

कारण काकू निवांत नव्हत्या. चिठ्ठीचे पैसे त्यांच्या मनाला टोचत होते. त्यांनी त्यांचा मार्ग काढला आणि मला न विचारता पानावर टाकला: “आठवड्याला जेवढं कमिशन होईल, तेवढं लेकरांच्या रविवारच्या गोडात घालू.”

म्हणजे कमिशन हातात पडायच्या आधीच काकू पदरचे पैसे घालून गोड करायला लागल्या. वेबसाइटच्या भाड्याचं काय, हा प्रश्न जिथल्या तिथे. पण मेसमध्ये आनंदीआनंद. कमिशन कमी आलं तर शिरा, बरं आलं तर श्रीखंड, जोरात आलं तर गुलाबजाम. पोरं काकूंच्या मोबाइलवर कमिशनचा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा बघायची. देगलूरच्या नितीनचं गणित पक्कं. लॅम्पमागे फार काही सुटत नाही, कूलरमागे सुटतं, हे त्यानं शोधून काढलं. मग रविवारी घरी फोन लावायची वेळ झाली की पोरं आईबापांना ‘कसे आहात’ विचारायच्या आधी ‘घरी कूलर घ्यायचाय का’ विचारायला लागली.

साक्षीच्या बहिणीचं लग्न नांदेडला ठरलं. तिनं सगळं रुखवत काकूंच्या लिंकवरून घ्यायला लावलं. मिक्सर, कूलर, कुकर, कपाट. त्या रविवारी मेसमध्ये गुलाबजामही होते आणि जिलेबीही होती, आणि वहीत काकूंनी लिहिलं, “सगळे जेवले. नवरीला आशीर्वाद.”

भरीला भर म्हणजे पत्ता. होस्टेलवाले पार्सल घेत नाहीत, म्हणून पालक पोरांसाठी मागवलेलं सगळं काकूंच्या मेसच्या पत्त्यावर पाठवायचे. मेसमध्ये पंगत बसवायला जागा उरेना. समोर रफीकभाईंचं गादीचं दुकान. तीन पिढ्या कापूस पिंजणारं घर, माणूस दिलदार. त्यांनी खोके आपल्याकडे ठेवून घ्यायला सुरुवात केली. एक दिवस त्यांच्याकडे लांब गुंडाळी आली. फोमची गादी होती, काकूंच्याच लिंकवरून मागवलेली. रफीकभाई गल्ली ओलांडून आले आणि शांतपणे म्हणाले, “काकू, मेरी सौतन कू मेरेच दुकान में रखा रै तुम.” काकूंना लाज वाटली. संध्याकाळी त्यांनी गादीची लिंक काढून टाकली.

अशा सगळ्या पराक्रमानंतर ती मेल आली होती. कंपनीचे तीन नियम असतात. वाचणाऱ्याला कमिशनचं उघड सांगायचं. लिंक दाबावी म्हणून कसलंही आमिष दाखवायचं नाही. आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करायची नाही. पहिला नियम काकूंनी कंपनीलाही अपेक्षित नसेल इतका पाळला होता. दुसरा गुलाबजामच्या पाकात बुडवला होता. आणि तिसऱ्याचं म्हणाल तर, एकाच पत्त्यावर बावीस टेबल लॅम्प घेणारी बाई कंपनीला संशयास्पद वाटली, यात कंपनीचं मला फारसं चुकलेलं दिसत नाही.

मी लांबलचक उत्तर लिहिलं. लातूर म्हणजे काय, मेस म्हणजे काय, होस्टेलवाले पार्सल का घेत नाहीत, सगळं. नवल म्हणजे चार दिवसांनी खरंच फोन आला. बंगळूरहून एक मॅडम बोलत होत्या. आवाज गोड आणि हिंदी स्वच्छ. पत्त्याचं त्यांना पटलं. पोरांची नावं आणि गावं पानावर दिसतच होती. राहिलं ते आमिष. ती ओळ काढा, कमिशन तुमच्यापाशी ठेवा, आम्ही खातं पुन्हा चालू करू, असं त्या म्हणाल्या. याहून सोपी सुटका मी माझ्या धंद्यात पाहिली नाही. मी खुशीत फोन काकूंच्या हातात दिला.

काकूंनी विचारलं, “मॅडम, मतलब वो पैसे मैं खाऊं?”

“जी मॅम. कमिशन आपका ही है.”

काकूंनी फोन मला परत दिला. “लेकरांच्या नावानं पैसे घेऊन मी खाल्ले तर नियमात बसतंय,” त्या म्हणाल्या, “लेकरांना खाऊ घातलं तर बसत न्हाई. अशा दुकानाची चिठ्ठी मी देत नसते.”

मी मॅडमना सांगितलं की विचार करून कळवतो. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. आठ दिवसांनी खातं कायमचं बंद झालं आणि जमलेलं कमिशनही गेलं. सगळे गुलाबजाम काकूंच्या पदरचे ठरले. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. मला वाटलं.

त्यात डोमेनची मुदत जवळ आली. बुधवारी संपणार होती. मी म्हटलं, ताटामागे किरकोळ वाढवा, कुणाला कळणारही नाही. काकू नाही म्हणाल्या. मी म्हटलं, या वर्षी मी भरतो. त्या म्हणाल्या, “तू कशाला भरशील? जावई हाईस का माझा?” मी म्हटलं, मग बंद होऊ द्या. त्या म्हणाल्या, होऊ दे. दोन हट्टी माणसं समोरासमोर आली की तिसऱ्याचं नुकसान होतं. इथला तिसरा कोण, हे दोघांनाही सुचलं नाही.

कबूल करतो, माझं डोकं फिरलं होतं. इतकं जमवून आणलेलं काम बाईनं एका वाक्यात मोडलं, हा राग होता. डोमेन कंपनीच्या आठवणीच्या तीन मेल आल्या. एक बटण दाबायचं काम होतं. मी दाबलं नाही. बंद पडू दे, मग कळेल, असं मनात म्हणालो. बुधवारी दुपारी वेबसाइट बंद पडली.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला काकूंचा फोन आला. “ये,” एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला.

मी गेलो. मेसच्या ओट्यावर एक बाई बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा, पदरानं तोंड पुसत होती. ती नायगावच्या ओंकारची आई. पहाटे पाचची एसटी धरून नांदेडला आली, तिथं बदलून लातूरला. ओंकार क्लासला गेला होता. गल्लीत दोनचार जण उभे होते, रफीकभाई दुकानाच्या पायरीवर. काकू तिच्या शेजारी वही उघडून बसल्या होत्या आणि बोट ठेवून दाखवत होत्या. काल रात्री जेवला, आज सकाळी पोहे खाल्ले, हे बघा.

मग मला सगळं कळलं. मंगळवारी काकूंनी पानावर लिहिलं होतं, “नायगावचा ओंकार – अर्धं ताट. अंग कोमट लागलं. उद्या बघते.” बुधवारी काकूंनी बघितलं, ताप उतरला होता, पोरगा जेवला. वहीत तसं लिहिलंही. पण नायगावला ते दिसलं नाही. पान उघडलं की इंग्रजीत काहीतरी यायचं. ओंकारच्या आईनं काकूंना फोन लावला, तर सगळ्याच पालकांचे काकूंना फोन चालू असल्यामुळे तो लागेना. होस्टेलचा कुणी उचलेना. मागच्या दिवाळीत ओंकारला टायफॉइड झाला होता. ती रात्रभर बसून राहिली आणि पहाटे निघाली.

काकूंनी माझ्याकडे बोट केलं. “हे वेबसाइटवाले.”

बाई माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

“ते पान का बंद पडलं वो, सर?”

सर्व्हर, डोमेन, मुदत असले बरेच शब्द माझ्याकडे असतात. क्लायंटला गप्प करायला ते पुरतात. त्या दिवशी एकही तोंडातून निघेना.

“मी बंद पडू दिलं,” मी म्हणालो. “चुकलं माझं.”

“मीबी म्हनलं व्हतं होऊ दे,” काकू म्हणाल्या. “एकट्याचं न्हाई.”

मला तिथं उभं राहवेना इतकी लाज वाटली. मी आत जाऊन बाकावर बसलो आणि मोबाइलवरूनच पैसे भरले. मुदत संपल्यावरही काही दिवस जुना मालक डोमेन परत घेऊ शकतो, म्हणून वाचलो. दोन तासांत पान सुरू झालं. काकूंनी जावई वगैरे काही काढलं नाही.

दुपारी ओंकार क्लासमधून आला. आईला बघून मित्रांसमोर ओशाळला. “आई, तू काय करायलीस इथं?” असं म्हणाला आणि मग तिच्याच डब्यातले धपाटे खाल्ले. त्या दिवशीची वहीतली ओळ मला पाठ आहे. “नायगावचा ओंकार – पूर्ण ताट. शेजारी आई बसली होती.”

दुसऱ्या दिवशी रफीकभाई माझ्या ऑफिसात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पाणी प्यायले, पंख्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “वेबसाईट का साल का जो बी लगता, मेरे से लेव. मेरे गादी का नंबर उसपे डालो. वो बाई कू देखा मैं.”

मी काकूंना विचारलं. मला वाटलं, चिठ्ठीच्या पैशांवरून पुन्हा अडेल. काकूंनी बराच वेळ विचार केला. रफीकभाई पैसे गिऱ्हाइकामागे देत नव्हते. गादी खपो न खपो, वर्षाचा खर्च एकदाच देणार होते. म्हणजे ही दलाली नव्हे, देणगी, असं काकूंनी ठरवलं आणि मी त्यात दुरुस्ती सुचवली नाही. अट एकच, पानावर खरं ते लिहिणार. रफीकभाई लगेच हो म्हणाले. खरं म्हणजे काय, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

काकूंनी लिहिलं: “गादी – रफीकभाईंकडून घ्या. कापूस खरा, शिलाई एक नंबर. उद्या देतो म्हणाले तर परवा समजा. या पानाचा वर्षाचा खर्च तेच देतात, म्हणून वाईट कमी लिहिलंय असं समजू नका.”

रफीकभाई तणतणत माझ्याकडे आले. पैसे मी देतो आणि नाव माझंच खराब होतं, ही कुठली तऱ्हा. ओळ काढ म्हणाले. पासवर्ड काकूंकडे आहे, असं मी सांगितलं. काकूंकडे जायची त्यांची छाती झाली नाही.

जूनमध्ये नवी बॅच आली. पालकांनी गाद्यांसाठी रफीकभाईंना फोन लावले आणि सगळ्यांनी आधीच विचारलं, “परवा मिळंल ना?” रफीकभाई हो म्हणायचे आणि परवा द्यायचे. उशीर झाला म्हणून भांडायला एकही गिऱ्हाइक आलं नाही. एवढा शांत सीझन दुकानानं तीन पिढ्यांत पाहिला नव्हता, असं त्यांनी स्वतः मला सांगितलं. आठ दिवसांनी कोपऱ्यावरचा सायकलवाला आला. अर्धा खर्च मी देतो म्हणाला, फक्त माझ्याबद्दलही काहीतरी वाईट लिहायला लावा. काकूंना त्यासाठी विचार करावा लागला नाही.

वेबसाइट अजून चालू आहे. रविवारचं गोडही चालू आहे, त्याचा वेबसाइटशी काही संबंध राहिलेला नाही. नवीन क्लायंट आला की मी त्याला पहिल्यांदा विचारतो, ही बंद पडली तर कुणाला कळेल? बहुतेक जण कोड्यात पडतात. गॉगलवाल्या सरांची वेबसाइट मागे एकदा महिनाभर बंद होती, ते त्यांनाही कळलं नाही. ज्या वेबसाइटवाचून कुणाचं तरी अडतं, तिचा खर्च भरणारा माणूस समोरच्याच पायरीवर उभा असतो. फक्त त्याला शोधून काढायला ती बंद पाडून बघू नका. कुणीतरी पहाटेची एसटी धरतं.